ताप उतरला, तरी आजार संपत नाही

पावसाळ्यात आपल्या वस्त्यांमध्ये लेप्टो, डेंग्यू, मलेरियाचे रुग्ण वाढतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत आलेली लेप्टोची साथ अनेकांना आठवत असेल. बहुतेक रुग्ण औषधाने बरे होतात. पण काहींमध्ये संसर्गाशी लढताना शरीराचा तोल सुटतो आणि मूत्रपिंड, फुप्फुस, यकृत असे अवयव निकामी होऊ लागतात. याला डॉक्टर ‘सेप्सिस’ म्हणतात. अशा रुग्णाला आयसीयूत ठेवावे लागते. तिथून तो घरी आला की घरच्यांना वाटते, संकट टळले. पुढचे काही महिने काय सोसावे लागते हे फारसे कोणी सांगत नाही, म्हणून आम्ही ते इथे मांडत आहोत.

आयसीयूतला भ्रम

रुग्ण माणसे ओळखत नाही, सलाईन ओढून काढतो, भिंतीवर कोणीतरी दिसते म्हणतो, नर्स आपल्याला मारायला आली म्हणून ओरडतो. हे पाहून काही घरांत ‘बाहेरची बाधा’ म्हणून गंडेदोरे सुरू होतात. ही बाधा नाही आणि वेडही नाही. संसर्ग, कमी पडलेला ऑक्सिजन, रक्तात साठलेली घाण, झोपेची औषधे आणि दिवसरात्र चालू असलेले दिवे यांमुळे मेंदू गोंधळतो. याला ‘डिलिरियम’ म्हणतात. काही रुग्ण आरडाओरडा न करता नुसते गप्प पडून राहतात. तोही डिलिरियम असू शकतो, म्हणून डॉक्टरांना सांगावे.

रुग्णाला रोज दारू पिण्याची सवय असेल तर तेही लपवू नये. दारू अचानक बंद झाल्यानेही असा भ्रम होतो आणि त्याचे उपचार वेगळे असतात.

भेटीच्या वेळी रुग्णाशी वाद घालू नका. त्याचे नाव घेऊन हाक मारा, आज कोणता वार, तो कुठे आहे, हे शांतपणे सांगा. चष्मा किंवा कानाचे यंत्र असेल तर नर्सला विचारून द्या.

घरी आल्यावर शरीर

आयसीयूतल्या थोड्या दिवसांतही स्नायू झपाट्याने झिजतात. त्यामुळे धडधाकट माणसालाही पोटमाळ्याची शिडी चढवत नाही, संडासात बसल्यावर उठवत नाही. हा आळस नव्हे. रोज थोडे बसणे, उभे राहणे, चार पावले चालणे आणि हळूहळू वाढवणे हाच त्यावरचा उपाय आहे. सरकारी रुग्णालयातील फिजिओथेरपी विभागात व्यायाम शिकून घ्यावा. अंडी, डाळ, शेंगदाणे, मासे यांनी ताकद येते. मात्र मूत्रपिंडावर परिणाम झाला असेल तर किती खायचे ते डॉक्टरांना विचारावे. दोन-तीन महिन्यांनी केस गळू लागले तर घाबरू नये, ते बहुधा पुन्हा येतात.

आणि मन

रात्री दचकून जागे होणे, रुग्णालयाचे नाव काढताच छातीत धडधडणे, विसरभोळेपणा, चिडचिड, रडू येणे हे या आजारानंतर अनेकांना होते. भ्रमात दिसलेल्या गोष्टी रुग्णाला खऱ्या घडल्यासारख्या आठवतात. त्याला हसू नका. कोणत्या दिवशी काय झाले, नळी का घातली होती, हे त्याला सांगा. काही देशांत यासाठी आयसीयूतच रोजची वही लिहितात. आपणही साध्या वहीत लिहू शकतो. ‘कामावर जायला नको म्हणून नाटक करतो’ हे वाक्य घरात कोणीही बोलू नये.

महिनाभरात फरक पडला नाही, तर रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जावे. मरणाची भाषा सुरू झाली तर एक दिवसही थांबू नये आणि रुग्णाला एकटे सोडू नये. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते. रात्र-रात्र वॉर्डाबाहेर बसलेल्या आई-बायकोचीही झोप उडालेली असते, त्यांनीही बोलावे.

लगेच रुग्णालयात केव्हा न्यावे

पुन्हा ताप किंवा थंडी, दम लागणे, लघवी कमी होणे, सारखी झोप किंवा बोलण्यात गोंधळ, यांपैकी काहीही दिसले तर वाट पाहू नका. पहिल्या काही महिन्यांत संसर्ग पुन्हा होऊ शकतो. डिस्चार्ज कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवा आणि ते घेऊनच जा.