वऱ्हाडातील हनुमान आखाडा

अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ही संस्था १९१४ मध्ये अंबादासपंत वैद्य आणि अनंत वैद्य या बंधूंनी उभी केली आणि आरंभी ती हनुमान आखाडा या नावाने ओळखली जाई. आखाडा म्हणजे अंगमेहनत करण्याची जागा, तर प्रसारक मंडळ म्हणजे ती मेहनत शास्त्रशुद्ध रीतीने शिकवून गावोगाव पोहोचवणारी संघटना. पहिल्या नावापासून दुसऱ्या नावापर्यंतची वाटचाल हाच या संस्थेच्या इतिहासाचा गाभा असून, तिने मिळवलेल्या पदकांपेक्षा आणि मानसन्मानांपेक्षा तो अधिक अभ्यासण्याजोगा आहे.

महाराष्ट्रातील मल्लविद्या बहुतांशी राजाश्रयावर पोसली गेली. बडोद्यात गायकवाडांचे दरबारी बळ तिच्या पाठीशी होते, आणि कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबाग मैदान बांधून कुस्तीला कायमचे घर दिले. वऱ्हाडाची स्थिती याहून वेगळी होती. हा मुलूख नावाला निजामाचा, परंतु १८५३ पासून कारभार इंग्रजांचा, आणि १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला, त्यामुळे पैलवानांना खुराक देणारा किंवा आखाड्याला इनाम लावून देणारा राजा येथे नांदतच नव्हता. येथे होती ती काळी जमीन, अमरावती आणि अकोला येथील कापसाचा बाजार, आणि त्या बाजाराबरोबर वाढलेला वकील, व्यापारी व शिक्षकांचा वर्ग. अमरावतीत १८९७ मध्ये राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले होते, दादासाहेब खापर्डे यांच्यामुळे टिळकांच्या राजकारणाशी शहराचा नित्य संबंध होता, आणि ज्या १९१४ मध्ये टिळक मंडालेहून सुटले त्याच वर्षी हा आखाडा सुरू झाला. या योगायोगावर फार भार टाकू नये, तरी शरीर कमावणे हे देशकार्य आहे ही भावना त्या काळच्या तरुणांमध्ये किती खोल रुजली होती, हे ध्यानात घेतल्याशिवाय या संस्थेची वाढ उलगडत नाही.

जुन्या आखाड्यातील शिक्षण वस्तादाच्या नजरेखाली चाले. तेल, ताक आणि हळद घालून मळलेल्या लाल मातीचा हौदा, भिंतीशी मुद्गलांच्या जोड्या, जोर आणि बैठकांची ठरलेली मोजणी, आणि कोनाड्यात मारुतीची मूर्ती एवढ्या साधनांवर पिढ्यान्‌पिढ्या शरीरे घडत असत; मात्र त्या विद्येला क्रमवार पाठ, परीक्षा किंवा लेखी नियम नव्हते, आणि वस्ताद गेला की त्याच्याबरोबर पुष्कळसे ज्ञानही जाई. मल्लखांब हे याचे उत्तम उदाहरण आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधर यांनी नावारूपाला आणलेला हा प्रकार म्हणजे जमिनीत घट्ट पुरलेल्या, वर निमुळत्या होत जाणाऱ्या, एरंडेल चोळलेल्या लाकडी खांबावर करावयाच्या उड्यांची आणि पकडींची मालिका होय. त्यात पायांनी खांबाला विळखा घालण्याला अढी म्हणतात, आणि अढी पक्की बसल्याखेरीज दसरंग, बगली, फरारा, सुईदोरा हे पुढचे प्रकार साधत नाहीत. हा क्रम प्रत्येक वस्तादाला ठाऊक असे, परंतु तो त्याच्या हाताबोटांत असे, कागदावर नसे.

वैद्य बंधूंच्या संस्थेचे खरे श्रेय येथे आहे. तिने हे हाताबोटांतले ज्ञान वर्गात शिकवता येईल अशा रूपात आणले. खांबावर एका वेळी एकच मुलगा चढू शकतो, उलट शाळेच्या पटांगणात शिक्षकासमोर पन्नास मुले उभी असतात. म्हणून लाठी, लेझीम, आसने आणि कवायत असे सामूहिक प्रकार, त्यांच्या आज्ञा, त्यांचे ताल आणि त्यांची चढती श्रेणी यांना महत्त्व आले. हुतूतू आणि खो-खो यांसारख्या देशी खेळांचे नियम विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत पुणे, सातारा, बडोदा या ठिकाणी बांधले जात होते, आणि अमरावतीने त्या खेळांना आखाड्यातील कसरतींच्या बरोबरीचे स्थान दिले. उन्हाळी सुटीतील प्रशिक्षण वर्गांना बाहेरगावचे तरुण येत, ‘व्यायाम विशारद’ ही पदवी घेऊन परत जात, आणि आपापल्या गावी शिक्षक होत. हुतात्मा शिवराम हरी राजगुरू यांनीही काही काळ याच आखाड्यात धडे घेतले होते, ही गोष्ट अमरावतीकर अभिमानाने सांगतात, आणि तो अभिमान रास्त आहे.

१९३६ च्या ऑगस्टमध्ये बर्लिन येथे ऑलिंपिक सामने भरले, तेव्हा मंडळाचे पथक तेथे गेले आणि त्याने मल्लखांब, कबड्डी व इतर देशी प्रकारांची प्रात्यक्षिके करून दाखवली. कबड्डी त्या वर्षी ऑलिंपिकमधील प्रदर्शनीय खेळ होता असे पुष्कळदा लिहिले जाते, परंतु त्या सामन्यांतील अधिकृत प्रदर्शनीय खेळ बेसबॉल आणि ग्लायडिंग हे दोनच होते. अमरावतीकरांची प्रात्यक्षिके त्या निमित्ताने, पण स्पर्धेच्या चौकटीबाहेर झाली. या दुरुस्तीने त्या प्रवासाचे मोल कमी होत नाही. ज्यांच्या देशाला स्वतःचा ध्वज नव्हता अशा कापूसपट्ट्यातील तरुणांनी आपल्या मातीतली विद्या जगापुढे मांडली, आणि तीही वंशश्रेष्ठत्वाचे ढोल पिटणाऱ्या राजवटीच्या राजधानीत मांडली, हेच पुरेसे मोठे आहे.

त्याच सामन्यांत लेऑन श्टुकेल्य या स्लोव्हेन व्यायामपटूने वयाच्या सदतिसाव्या वर्षी रिंग्ज या प्रकारात रौप्यपदक मिळवले. आधीच्या दोन ऑलिंपिकमध्ये त्याने तीन सुवर्णपदके जिंकली होती. त्याची परंपरा सोकोल या चळवळीची. तिचा आरंभ १८६२ मध्ये प्राग येथे झाला आणि लगेच पुढच्या वर्षी ल्युब्लियाना येथे स्लोव्हेन लोकांनी आपली शाखा काढली. तेही तेव्हा ऑस्ट्रियन साम्राज्याखाली होते, त्यांच्याही व्यायामशाळा स्वभाषेच्या आणि स्वत्वाच्या शाळा होत्या. सोकोल आणि हनुमान आखाडा यांचा एकमेकांशी संबंध आल्याचे दिसत नाही, तरी परकीय सत्तेखालच्या लहान शहरांनी एकाच गरजेतून एकसारखी संस्था घडवली, हे साम्य विलक्षण आहे.

पुढे मात्र दोन्हीकडच्या वाटा निराळ्या झाल्या. आजच्या स्लोव्हेनियाची लोकसंख्या सुमारे २१ लाख आहे, तर २०११ च्या जनगणनेनुसार एकट्या अमरावती जिल्ह्याची लोकसंख्या २८ लाखांहून अधिक आणि अकोल्याची सुमारे १८ लाख होती. तरीही त्या छोट्या देशात फुटबॉलची एकाखाली एक अशा श्रेण्यांची उतरंड आहे, तिच्यात खालच्या श्रेणीतला गावचा क्लबही दर हंगामात ठरलेले सामने खेळतो, जिंकला तर वर चढतो आणि हरला तर खाली येतो. वऱ्हाडात कोणत्याही मैदानी खेळाची अशी वर्षभर चालणारी साखळी रुजली नाही. येथे खेळ स्पर्धेपुरता जागा होतो. अकोल्याच्या क्रीडा प्रबोधिनीने, म्हणजे निवडक मुलांना वसतिगृहात ठेवून प्रशिक्षण देणाऱ्या शासकीय केंद्राने, मुष्टियुद्धात चांगले खेळाडू घडवले; पण प्रबोधिनी निवडलेल्यांसाठी असते, आणि निवड न झालेल्या मुलाने दर रविवारी कोठे खेळावे हा प्रश्न शिल्लक राहतो.

त्या प्रश्नाचे जे काही उत्तर वऱ्हाडात आहे, ते बव्हंशी शाळेतील व्यायामशिक्षक हेच आहे, आणि म्हणून मंडळाचा स्वातंत्र्योत्तर काळ त्याच्या बर्लिनच्या कीर्तीपेक्षा कमी महत्त्वाचा मानता येत नाही. १९४९ मध्ये स्टॉकहोम येथे पेर लिंग या स्वीडिश व्यायामतज्ज्ञाच्या नावे भरलेल्या दुसऱ्या लिंगियाड मेळाव्यात मंडळाचे पथक सहभागी झाले, आणि १९६७ मध्ये शारीरिक शिक्षणाचे पदवी महाविद्यालय निघाले. त्यामुळे व्यायाम विशारदाची जागा विद्यापीठीय पदवीने घेतली, आणि व्यायामशिक्षकाला इतर विषयांच्या शिक्षकांच्या पंक्तीत बसता आले. संस्थेची धुरा दीर्घकाळ वाहणारे प्रभाकर वैद्य यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. आवारात पुढे अभियांत्रिकी महाविद्यालयही आले. काळाची गरज म्हणून त्याला कोणी नावे ठेवू नयेत, मात्र खांब आणि हौदा यांना तेथे पहिले स्थान राहावे अशी अपेक्षा बाळगणे गैर नाही.

या महाविद्यालयातून बाहेर पडलेला शिक्षक दर्यापूर, मूर्तिजापूर किंवा मेळघाटातील एखाद्या शाळेत रुजू होतो, तेव्हा त्याच्या हाती बहुधा एक शिट्टी, एक दोरी आणि फक्कीची पिशवी एवढेच साहित्य असते. पावसाळा ओसरला की तो पटांगणातले खडे मुलांकडून वेचून घेतो, दोरी ताणून कबड्डीचे मैदान मोजतो, मोठ्या पुरुषांसाठी तेरा मीटर बाय दहा आणि मुलींसाठी बारा बाय आठ, आणि मग मध्यरेषा, निदानरेषा व बाजूची राखीव क्षेत्रे फक्कीने आखून घेतो.