मैदान मिळवावे, मग सांभाळावे

यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड तालुक्यात ढाणकी हे बाजारपेठेचे गाव आहे. शाळा, शिकवणी आणि दुकान यांच्या फेऱ्यात वाढणाऱ्या मुलांनी संध्याकाळी खेळावे कोठे, हा प्रश्न वाढत्या गावांप्रमाणे ढाणकीपुढेही आहे.

महाराष्ट्र शासनाच्या धोरणानुसार विभाग, जिल्हा व तालुका या 3 स्तरांवर क्रीडा संकुले उभारली जातात. 2022 मध्ये तालुका संकुलाची अनुदानमर्यादा 1 कोटीवरून 5 कोटी रुपये करण्यात आली. ही तरतूद स्वागतार्ह आहे. परंतु ढाणकीच्या दहा वर्षांच्या मुलाने रोज उमरखेडला जाऊन खेळावे, हे व्यवहार्य नाही. त्याला पायी गाठता येईल असे मैदान हवे. हा विषय नगरपंचायतीच्या कक्षेत येतो. 74 व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्याने व क्रीडांगणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे.

मैदानासाठी प्रथम जागा लागते आणि ती विकास आराखड्यातील आरक्षणाने राखली जाते. मात्र महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 127 नुसार आराखडा अमलात आल्यापासून 10 वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतरच्या मुदतीतही संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण संपते. मालकाचा हक्क न्याय्यच आहे. त्याची जमीन अनिश्चित काळ अडकवून ठेवता येत नाही. म्हणून गावानेच वेळेवर जागे राहिले पाहिजे. आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होऊन हरकती व सूचना मागवल्या जातात, तेव्हा आपला भूखंड त्यात कोठे आहे हे व्यापारी आवर्जून पाहतो. मुलांचे मैदान कोठे आहे, हेही त्याच वेळी पाहावे.

जागा मिळाल्यावर खरा खर्च सुरू होतो. भिंत व प्रेक्षकगॅलरी एकदाच बांधावी लागते. पाणी, वीज, स्वच्छतागृह, राखणदार आणि प्रशिक्षक यांचा खर्च दरमहा येतो. अनुदानाने इमारत उभी राहते, पण पुढची तरतूद नसेल तर तिला कुलूप लागते.

धर्मशाळा, भोजनशाळा आणि पांजरपोळ चालवणाऱ्या समाजाला हे नव्याने सांगायला नको. कायम तिथी लिहून घेताना मुद्दल राखून व्याजावर त्या दिवसाचा खर्च भागवण्याची रीत त्याला परिचित आहे. मैदानासाठीही असा निधी उभारता येईल. नगरपंचायतीशी लेखी करार, सर्व समाजांचे प्रतिनिधी असलेली देखभाल समिती, मुलींसाठी राखीव वेळ आणि दरवर्षी जाहीर होणारा हिशेब, एवढी शिस्त त्यास जोडावी. मालकी सार्वजनिकच राहावी आणि प्रवेश सर्वांना खुला असावा.

लोकांच्या बळावर क्रीडासंस्था टिकते, याचे उदाहरण विदर्भातच आहे. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 मध्ये स्थापन झाले. 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्याच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. शंभराहून अधिक वर्षे उलटली, तरी ती संस्था आजही उभी आहे.

ढाणकीला एवढ्या मोठ्या संस्थेची गरज नाही. संध्याकाळी उघडे असणारे, दिवे लागणारे आणि कोणाच्याही मुलाला आत घेणारे एक मैदान पुरेसे आहे.