अरुंद शिरा आणि मल्टिपल स्क्लेरोसिस : एका उपचाराची पारख

मल्टिपल स्क्लेरोसिस या विकारात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा मेंदू व मज्जारज्जूतील चेतातंतूंच्या मायेलिन आवरणावरच हल्ला करते. दृष्टी अंधुक होणे, हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे, कमालीचा थकवा येणे ही त्याची लक्षणे होत. बहुसंख्य रुग्णांत आरंभी हा आजार उसळतो आणि काही काळाने आपोआप ओसरतो. पुढील विवेचनात ही गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

इटलीतील फेरारा विद्यापीठाचे शल्यचिकित्सक पाओलो झांबोनी यांच्या पत्नीला हा आजार होता. २००९ मध्ये त्यांनी वेगळीच उपपत्ती मांडली. मेंदूतील रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या मानेतील व छातीतील शिरा अरुंद असल्या, की रक्त तुंबते, मेंदूत लोह साचते आणि दाह सुरू होतो, असे त्यांचे म्हणणे होते. सोनोग्राफीत तपासलेल्या सर्व ६५ रुग्णांत हा दोष आढळल्याचेही त्यांनी नोंदविले. शिरेत बारीक नळी घालून तिच्या टोकाचा फुगा फुगवायचा व शीर रुंद करायची, असा त्यावरील उपाय होता. पुष्कळ रुग्णांना बरे वाटले. मात्र या प्रयोगात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि आपल्यावर उपचार झाला आहे, हे प्रत्येकास ठाऊक होते.

नोव्हेंबर २००९ मध्ये कॅनडातील दूरचित्रवाणीवर हे वृत्त झळकले. या आजाराचे प्रमाण त्या देशात जास्त आहे. तेथे हा उपचार मिळेना, तेव्हा रुग्ण पदरचे पैसे खर्चून पोलंड, मेक्सिको, कोस्टा रिका आणि भारतातही गेले. काहींच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या झाल्या, तर बसविलेली जाळी हृदयाकडे सरकल्याचीही नोंद आहे. मे २०१२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या उपचाराविषयी सावधगिरीचा इशारा दिला.

दरम्यान मूळ उपपत्तीची तपासणी सुरू झाली होती. २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील अभ्यासात शीर निम्म्याहून अधिक अरुंद असल्याचे ७४ टक्के रुग्णांत दिसले. पण त्यांच्या निरोगी भावंडांत हे प्रमाण ६६ टक्के आणि इतर निरोगी व्यक्तींत ७० टक्के होते. म्हणजे अरुंद शीर ही रोगाची खूण ठरत नाही.

पुढे कॅनडात १०४ रुग्णांवर चाचणी झाली. नळी सर्वांच्या शिरेत घातली, फुगा मात्र निम्म्यांच्याच शिरेत फुगविला. कोण कोणत्या गटात, हे रुग्णांस सांगितले नाही. तीन महिन्यांनी दोन्ही गटांना बरे वाटत होते! वर्षअखेरीस दोहोंत फरक आढळला नाही. २०१७ मध्ये इटलीतील अशाच चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला : हा उपचार निष्प्रभ आहे, त्याची शिफारस करता येत नाही. या निबंधाचे पहिले लेखक स्वतः झांबोनीच होते.

‘बरे वाटले’ हा रुग्णाचा अनुभव खोटा नसतो. परंतु तो उपचारामुळे आला, आशेमुळे आला की आजार आपोआप ओसरल्यामुळे, हे तुलनेशिवाय कळत नाही. विद्यार्थ्यांना वैज्ञानिक पद्धती समजावून देताना हे उदाहरण अवश्य घ्यावे. आपलीच उपपत्ती कसोटीला लावून तिचा प्रतिकूल निकाल प्रसिद्ध करणे, हाही त्या पद्धतीचाच भाग होय.