टर्बोचार्जर
टर्बोचार्जर : अंतर्ज्वलन एंजिनातून बाहेर पडणाऱ्या निष्कास वायूंतील ऊर्जेवर चालणारे व सिलिंडरांत अधिक दाबाने हवा भरणारे साधन. सिलिंडरात जास्त हवा गेल्याने जास्त इंधन जाळता येते व तेवढ्याच आकारमानाच्या एंजिनापासून अधिक शक्ती मिळते. स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. मोटारगाड्यांत त्याचा वापर १९६२ मध्ये ओल्ड्समोबील जेटफायर व शेव्हरोले कॉर्व्हेअर या अमेरिकन गाड्यांपासून सुरू झाला.

रचना : एका दंडाच्या एका टोकास टरबाइनाचे व दुसऱ्या टोकास संपीडकाचे चक्र असते. लहान टर्बोचार्जराचा दंड मिनिटाला दोन लाखांहूनही अधिक फेरे घेऊ शकतो. टरबाइनात शिरणाऱ्या वायूंचे तापमान डीझेल एंजिनात सु. ८००° से., तर पेट्रोल एंजिनात ९५०° से.च्या वरही जाते. बहुतेक प्रकारांत दंड धारव्यांमध्ये, म्हणजेच बेअरिंगांमध्ये, तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. हेच तेल उष्णताही वाहून नेते.

बिघाडाची कारणे : टर्बोचार्जर स्वतःच्या दोषामुळे क्वचितच निकामी होतो, मूळ कारण बहुधा त्याच्या बाहेर असते. तेल कमी पडल्यास किंवा उशिरा पोहोचल्यास दंड व धारवे एकमेकांवर घासतात. तेलातील काजळी व धातूचे कण धारव्यांवर चरे पाडतात. दीर्घकाळ वेगाने धावलेले एंजिन एकदम बंद केल्यास तेलाचा प्रवाह थांबतो आणि तापलेल्या भागांतील तेल जळून त्याचा कोळसा होतो. त्यामुळे तेलाचे मार्ग अरुंद होतात. हवेची गाळणी फाटली असल्यास धूळ व खडे संपीडकाच्या पात्यांवर आदळतात. तेल परत नेणारी नळी तुंबल्यास तेल मोहऱ्यांतून बाहेर येते. डीझेल एंजिनात असे तेल हवेबरोबर सिलिंडरांत पुरेशा प्रमाणात गेले, तर एंजिन त्यावरच अनियंत्रित वेगाने चालू लागते. किल्ली बंद करूनही ते थांबत नाही.

बदली : निळसर धूर, शिटीसारखा आवाज व शक्तीतील घट ही बिघाडाची लक्षणे असली, तरी हवेची नळी निसटल्यानेही शक्ती घटते व असा आवाज येतो, म्हणून ती आधी तपासतात. दंडाची आडवी किंचित हालचाल स्वाभाविक असते. मात्र चक्र कवचाला घासता कामा नये. बदलीच्या वेळी एंजिनातील तेल व तेलगाळणी बदलतात, तेल आणणारी नळी नवी घालतात आणि परतीची नळी मोकळी असल्याची खात्री करतात. हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरात साचलेले तेल व पात्यांचे तुकडे काढून टाकतात. तेलाच्या जोडांवर लुकण लावीत नाहीत. त्याचा सुटलेला तुकडा मार्ग बंद करू शकतो. नव्या टर्बोचार्जराच्या धारव्यांत स्वच्छ तेल ओतून दंड हाताने फिरवितात. नंतर इंधन तोडून एंजिन स्टार्टरने फिरवितात व तेलाचा दाब आल्यावरच ते सुरू करून काही मिनिटे मंद गतीने चालू ठेवतात.

बिघाडाचे मूळ कारण शोधून दूर न केल्यास नवा टर्बोचार्जरही त्याच कारणाने, कधीकधी काही मिनिटांतच, निकामी होतो. तो बदलण्यापेक्षा योग्य प्रतीचे तेल वेळेवर बदलणे व वेगाने चालविल्यानंतर एंजिन थोडा वेळ मंद गतीवर ठेवून मग बंद करणे अधिक स्वस्त पडते.