पाचशे पौंड गवत

बोईसर स्थानकावर सकाळची गाडी थांबली, म्हणजे तारापूरच्या औद्योगिक वसाहतीकडे निघालेल्या कामगारांची रीघ लागते. मजुरीवरून मालक आणि कामगारसंघ यांच्यांत तंटा झाला, तर तो यंत्रयुगातला नवा तंटा असे आपणांस वाटते. परंतु आजच्या पालघर जिल्ह्याने असा एक मोठा तंटा पाहिला, तो गवताच्या कुरणांत.

1945 साली हा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. डहाणू व उंबरगाव या तालुक्यांत पावसाळ्यानंतर माळावर गवत माजे. जमीनदार व व्यापारी ते कापवून विक्रीस पाठवीत. कापणारे बहुतेक वारली असत. मजुरीचा दर देणाराच ठरवी. माल त्याचा, पैसा त्याचा. ज्याला परवडेल त्याने यावे, असा हा व्यवहार. वरवर पाहता तो रास्तच वाटतो. तथापि ज्याच्या घरी रात्रीपुरते नागलीचे पीठ नाही, त्याने 'परवडत नाही' असे कोणत्या तोंडाने म्हणावे? एकाने नकार दिला, तर दुसरा दाराशी उभाच असे. शिवाय लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी कित्येकजण सावकाराकडे आयुष्यभर राबत. त्यांना 'लग्नगडी' म्हणत. किती बोलका शब्द आहे हा!

त्या वर्षी मे महिन्यात झरी येथे किसान सभेची परिषद भरली. शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या मार्गदर्शनाखाली वारल्यांनी वेठ नाकारली. ऑक्टोबरात, ऐन कापणीच्या तोंडावर, त्यांनी मागणी केली: पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये. ती मान्य होईना, तेव्हा विळे घरीच राहिले.

वेळ नेमकी साधली होती. गिरणी थांबली तर सूत कुजत नाही; उभे गवत मात्र वाळते, त्याचा कस जातो आणि व्यापाऱ्याचे भांडवल बुडते. इकडे कापणी नाही, तर वारल्याची चूलही नाही. अधिक दिवस तग कोण धरतो, एवढाच प्रश्न उरला. त्याच महिन्यात तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड याच्यासह पाचजण ठार झाले. संप मात्र मोडला नाही; मजुरी वाढवून द्यावी लागली.

पुढे 1950 साली संविधान अमलात आले. त्याच्या 19व्या अनुच्छेदात संघ स्थापण्याचे आणि व्यापार-उद्योग करण्याचे, अशी दोन्ही स्वातंत्र्ये एकाच यादीत आहेत. मजुरीचा आकडा तेथे नाही; तो बोलणी करून काढावा लागतो. परंतु जो कामगार कंत्राटदारामार्फत कामावर येतो, त्याला त्या बोलणीत शिरणेच अवघड जाते. कंत्राट बदलले की त्याचे काम जाते, आणि त्याच्या जागी येणारा फाटकाशी उभाच असतो.