निजलेली खाती, जागा पहारा

दिवाळीच्या साफसफाईला माळ्यावर चढावे, तो उंदरांनी नेमके तिथेच घर केलेले सापडते! कारण वर्षभर तिथे कोणी फिरकलेलेच नसते. बँकेतही असा एक माळा असतो. दोन वर्षे खातेदाराने व्यवहार केला नाही, की त्याचे खाते ‘निष्क्रिय’ ठरते.

आमच्या नांदेड-लातूरकडच्या जुन्या पेट्यांत स्टेट बँक ऑफ हैदराबादची पासबुके अजून निघतील. निजामी राजवटीत १९४१ साली निघालेली ही बँक २०१७ साली भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. आजोबा गेले, मुले पुण्याला गेली. खाते मात्र निजूनच राहिले.

वापरातल्या खात्यातून शंभर रुपये गेले, तर मालक दुसऱ्या दिवशी भांडायला हजर! निजलेल्या खात्यासाठी कोण भांडणार? लबाड हाताला तेच सोयीचे. म्हणून रिझर्व्ह बँकेच्या १ एप्रिल २०२४ पासूनच्या नियमांनुसार अशा खात्यांचे समवर्ती लेखापरीक्षण, म्हणजे वर्षअखेरीची वाट न पाहता चालणारी तपासणी, व्हावी लागते. जागे केलेल्या खात्यावर निदान सहा महिने वरिष्ठांची नजर असते आणि तीही व्यवहार पाहणाऱ्या कर्मचाऱ्याला कळू न देता!

दहा वर्षांनी ही रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. पण वारसाचा हक्क बुडत नाही. २०२३ साली सुरू झालेल्या ‘उद्गम’ संकेतस्थळावर तिचा शोधही घेता येतो.

तपासनीस आकडे पाहील. आकड्यामागचा माणूस आपल्यालाच ठाऊक. तेव्हा वाचकहो, यंदा माळ्यावर आजोबांचे पासबुक सापडले, तर ते रद्दीत घालू नका!