आखेनचा पेजर

आपल्याकडे पेजर आला आणि दहा वर्षांच्या आत गेलाही. १९९५नंतरची काही वर्षं मुंबई-पुण्यात कमरेच्या पट्ट्याला अडकवलेली ती काळी डबी म्हणजे धंदेवाईक माणसाची शान होती. मोबाइलचं इनकमिंग फुकट झालं आणि डबी कपाटात गेली. जर्मनीत मात्र अग्निशमन दलाच्या स्वयंसेवकांकडे पेजर अजून आहे, आणि तिथल्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या, मंडळींनी तर स्वतःचं पेजरचं जाळंच उभारलंय. त्याचं नाव डॅपनेट. आखेनच्या तांत्रिक विद्यापीठातल्या हौशी रेडिओ गटाने ते घडवलं. परवानाधारक हॅमलाच त्यात नोंदणी करता येते.

सगळे प्रक्षेपक ४३९.९८७५ मेगाहर्ट्झ या एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलतात. काही प्रक्षेपक म्हणजे बंद पडलेल्या व्यावसायिक सेवांची भंगारातून वाचवलेली यंत्रं, तर काही म्हणजे रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर बसवलेलं तळहाताएवढं सर्किट. एकमेकांच्या बोलण्यात बोलणं नको म्हणून वेळ वाटून दिलेली आहे: ६.४ सेकंदांचे १६ घास, म्हणजे एक फेरा १०२.४ सेकंदांचा. आपली पाळी येईपर्यंत प्रक्षेपक संदेश धरून ठेवतो.

संदेशाची भाषा पॉक्सॅग. ब्रिटिश पोस्ट खात्याच्या पुढाकाराने सत्तरच्या दशकात आकाराला आलेली ही पद्धत कंजूषपणाचा उत्तम नमुना आहे. आधी ५७६ बिटांची नुसती एक-शून्य, एक-शून्य अशी हाकाटी, मग ठरलेली खूण, मग आठ चौकटी. प्रत्येक पेजरचा नंबर कोणत्या चौकटीत येणार हे त्या नंबरच्या शेवटच्या तीन बिटांवरून ठरतं. त्यामुळे पेजर फक्त आपल्या चौकटीपुरता कान देतो आणि बाकीचा वेळ झोपतो. एका साध्या सेलवर तो आठवडेच्या आठवडे का चालतो, त्याचं गमक हे. आपला स्मार्टफोन रोज रात्री चार्जरला लावावा लागतो, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

पण पेजर उत्तर देत नाही. संदेश पोहोचला की तळघरात, लिफ्टमध्ये हरवला, हे पाठवणाऱ्याला कधीच कळत नाही. त्याची दुसरी बाजू अशी की पेजर बाळगणारा कुठे आहे, हेही कुणाला कळत नाही. संदेश फोनवर वळवण्याची हौस निघाली ती संदेश हरवण्याच्या अडचणीतून. रिपीटर (संदेश पुढे पाठवणारं केंद्र) बंद पडल्याची सूचना किंवा हवामानाचा इशारा पेजरवर हुकला, तर निदान फोनवर सापडावा.

वळवण्याचे मार्ग दोन, आणि त्यांतला फरक नीट पाहण्यासारखा आहे. पहिला मार्ग सोपा. संदेश इंटरनेटवरूनच डॅपनेटच्या सर्व्हरला जातो, तेव्हा तो पाठवणाऱ्या प्रोग्रामनेच त्याची एक प्रत टेलिग्रामच्या बॉटला किंवा पुशओव्हर या सूचना देणाऱ्या अ‍ॅपला द्यायची. फोन लगेच वाजतो, पेजर पाळी आल्यावर, कधी दीड मिनिटाने. सोय उत्तम, पण फोनवर आलेल्या त्या प्रतीने हवेचं तोंडही पाहिलेलं नसतं. प्रक्षेपक आठवडाभर मेलेला असला तरी फोन आनंदाने वाजत राहील.

दुसऱ्या मार्गात टीव्ही पाहण्यासाठी बनलेला स्वस्त यूएसबी डोंगल छोट्या अँटेनाला जोडतात. आरटीएल-एफएम हा प्रोग्राम लहरी पकडतो, मल्टिमॉन-एनजी त्यातून अक्षरं काढतो आणि चार ओळींची स्क्रिप्ट आपल्या नंबराचा संदेश तेवढा फोनकडे ढकलते. इथे पेजर आणि फोन जवळजवळ एकदमच वाजतात. हाच मार्ग मला खरा वाटतो, कारण फोन वाजला म्हणजे प्रक्षेपक जिवंत असल्याची खात्री पटते. उत्तर न देणाऱ्या यंत्रणेला मिळालेली ही एकमेव पोच.

गंमत पुढे आहे. पहिल्या दिवशी, स्क्रिप्टमध्ये नंबराची गाळणी नीट बसेपर्यंत, फोनवर कचरा येतो. घड्याळ जुळवण्याचे संदेश, प्रक्षेपकाची स्वतःची ओळख, सगळंच. ते गाळलं की म्युन्शेनच्या नावात ‘यू’च्या जागी महिरपी कंस दिसतो, कारण सात बिटांत उमलाउटांना, म्हणजे डोक्यावर दोन टिंबं असलेल्या अक्षरांना, जागा नाही, जर्मनांनी कंसांची घरं त्यांना देऊन टाकली आहेत. मल्टिमॉनला जर्मन अक्षरसंच सांगितला की हे सुटतं. स्कायपर नावाच्या जुन्या पेजरसाठीची बातमीपत्रं तर प्रत्येक अक्षर एक घर पुढे सरकवून पाठवली जातात: ए-चा बी, सी-चा डी. आखेनचं रोमन नाव बी-बी-डी-आय-एफ-ओ असं येतं आणि दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेत उद्गारचिन्ह. फोनवर वळवण्याआधी सगळं एक घर मागे आणावं लागतं. देवनागरीचा तर प्रश्नच नाही. शिवाय संदेशाला ८० अक्षरांची मर्यादा, म्हणून माणसं तारेसारखं लिहितात.

हॅम बँडवर सांकेतिक कुलूप लावायला मनाई असते. त्यामुळे संदेश तसाही उघडाच. टेलिग्रामकडे गेल्याने गुपित फुटत नाही. पण त्याच डोंगलवर ४६६ मेगाहर्ट्झच्या आसपास जर्मनीतले व्यावसायिक पेजरही ऐकू येतात, आणि आपल्यासाठी नसलेले असे संदेश ऐकणं तिथल्या कायद्याने गुन्हा आहे. स्क्रिप्टमध्ये फ्रिक्वेन्सी लिहिताना बोट घसरू नये.

हे सगळं पुण्यात जसंच्या तसं उचलून आणता येणार नाही. डॅपनेट ज्या पट्ट्यात चालतं त्यात भारतातल्या हॅमना ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ एवढीच जागा आहे, डॅपनेटची फ्रिक्वेन्सी तिच्या बाहेर पडते. इथल्या हौशींना पॉक्सॅग, डोंगल आणि स्क्रिप्ट तीच वापरता येईल; फ्रिक्वेन्सी वेगळी निवडावी लागेल आणि प्रक्षेपकासाठी परवान्याच्या अटी आधी वाचाव्या लागतील.